सगळी सोंगं आणता येतात, ब्रेकचं येत नाही

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय 38. इचलकरंजीजवळच्या एका गावात राहतात, यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे माग जुळवणारे-दुरुस्त करणारे, आहेत. लहानपणी केबलवर 'रिटर्न ऑफ द जेडाय' पाहिला आणि त्यातली जमिनीला न टेकता झाडं चुकवत सुसाट जाणारी स्पीडर बाईक मनात बसली. कारखान्यातले जुने साधे माग मोडीत निघाले तेव्हा त्यातलं बरंच भंगार त्यांनी किलोवर घेऊन घरामागच्या शेडमध्ये रचलं. त्यातून ती बाईक बनवायची आणि तिच्यावर बसून फिरायचं, असा बेत आहे. खाली वापरायला वडिलांची लुना आहे. वडील तीन वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून ती बंद. नियम त्यांनी स्वतःच घातलाय: नवं काहीही विकत आणायचं नाही, सगळं भंगारातूनच. लुनाची चासी मधून कापून लांब करणार हे कळल्यावर आईनं शेडला कुलूप घातलं. पत्नी म्हणते, आधी स्वयंपाकघरावरचा गळका पत्रा बदला. पंधरा वर्षांचा भाचा मदतीला असतो, पहिली फेरी त्याला मारायची आहे. दसऱ्याला गाडी गावातून फिरवायची, सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याच्या त्या भंगारातल्या गाडीसारखं नाव झालं तर हवंच आहे. ते विचारतात: आईला कसं समजावू? चाकं दिसली तर गाडी खोटी वाटेल का? आरटीओ अडवेल का?

नमस्कार.

तुमचं पत्र आधी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा हातात पेन्सिल घेतली, कारण मागच्या पानावर तुम्ही काढलेली आकृती चांगली आहे. पुढचे दोन लांब दांडे, त्यांच्या टोकाची पाती, मागचा आखूड भाग, सगळं प्रमाणात उतरलंय. मी तेवीस वर्षं आयटीआयमध्ये फिटर आणि वेल्डरच्या मुलांना शिकवलं. अशी आकृती काढणारा माणूस काम अर्धवट सोडत नाही, एवढं मला कळतं. म्हणून 'कशाला नसतं खूळ' असं मी म्हणणार नाही. गाडी करा. ती कशी करावी याबद्दल मात्र माझं तुमच्याशी दोन-तीन ठिकाणी पटत नाही.

सुरुवात चाकांच्या प्रश्नापासून करतो, कारण आईंच्या कुलपाची किल्ली तिथेच आहे.

तुम्हाला वाटतं पडद्यावरची गाडी खरी आणि तुमची तिची नक्कल. पण 1983 सालच्या त्या सिनेमातली स्पीडर बाईक एक फूटभरही धावलेली नाही. नट स्टुडिओत निळ्या पडद्यापुढे नुसत्या सांगाड्यावर बसले होते. मागे जे जंगल सुसाट पळतं ते कॅलिफोर्नियातल्या रेडवूड झाडांचं. चालतानाही हिसके लागू न देणाऱ्या स्टेडीकॅमचा निर्माता गॅरेट ब्राउन कॅमेरा अंगाला बांधून त्या झाडांमधून चक्क चालत गेला. कॅमेरा सेकंदाला एक चौकटही टिपत नव्हता, आणि पडद्यावर ती फिल्म सेकंदाला 24 चौकटींनी दाखवली. माणसाची चाल आपल्याला वादळाचा वेग वाटली ती अशी. तुमची गाडी कारखान्याच्या आवारात ताशी 15 किलोमीटरनं एक चक्कर मारून आली, तरी ती पडद्यावरच्या गाडीपेक्षा जास्त चाललेली असेल.

त्याच 'स्टार वॉर्स' मालिकेतला 1977 सालचा पहिला सिनेमा आठवून बघा. वाळवंटात नायक एका तरंगत्या गाडीतून फिरतो. ती गाडी ऑगल डिझाईन या ब्रिटिश संस्थेनं तयार केली होती, आणि तिच्या पोटात बॉन्ड बग नावाची तीनचाकी होती. रस्त्यावर धावणारी साधी ब्रिटिश गाडी, पुढे एक चाक, मागे दोन. तिच्या चाकांवर, इंजिनावर, ब्रेकवर वरून कवच चढवलं. चाकं दिसू नयेत म्हणून खालच्या कडेनं आरसे लावले. आरशात समोरची वाळू दिसायची आणि डोळ्याला वाटायचं की गाडीखाली मोकळी जागा आहे. एवढं करून जे राहिलं ते लेन्सवर व्हॅसलिन फासून धूसर केलं.

तेव्हा चाकं असण्यात खोटेपणा काही नाही, ती झाकणं हीच त्या गाडीची मूळ परंपरा आहे. तुम्हीही खालच्या कडेला चकचकीत स्टीलच्या पत्र्याची पट्टी लावा, जमिनीकडे किंचित कलती. काच लावू नका. मुरमाच्या, एकाच रंगाच्या जमिनीवर वीस पावलांवरून बघणाऱ्याला चाक शोधावं लागेल. डांबरावर हा खेळ तितका साधत नाही, आणि डांबरावर का जायचं नाही ते पुढे सांगतोच.

आता लुना. त्या लोकांनी बॉन्ड बग पोटात घेतली, तुमच्या शेडमध्ये 1972 साली कायनेटिकनं आणलेल्या लुनाच्या वंशातली गाडी आहे. पन्नास सीसी, वजनाला हलकी, दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक, आणि घरातली माणसं डबल सीट वाहून आयुष्य काढलेली. कारखान्यात तपासून, जोडून बाहेर पडलेला हा सांगाडा तुम्ही मधून कापणार, त्यात पाइप घालून लांब करणार, आणि तो पूर्वीसारखाच सरळ चालेल असं धरून चालणार. वेल्डिंग शिकवणारा माणूस म्हणून सांगतो, बसणाऱ्याचं वजन जिथे सगळ्यात जास्त वाकवतं, नेमका तिथेच तुमचा जोड येईल. दोन चाकं एका रेषेत राहिली नाहीत, अगदी अर्ध्या अंशाचा पीळ राहिला, तरी हँडल हातात ओढायला लागतं. हे जिगशिवाय, म्हणजे भाग जागच्या जागी घट्ट धरणाऱ्या साच्याशिवाय, साधत नाही, आणि तुमच्याकडे जिग नाही.

म्हणजे आई बरोबर आहेत. त्यांचं कारण तुमच्या वडिलांचं आहे, माझं वाकणाऱ्या पाइपचं, पण दोन्हीकडून उत्तर एकच येतं. तुम्ही विचारता, आईला कसं समजावू. समजावू नका, बेत बदला. लुना कापायची नाही, तिच्यावर बांधायचं. चासीवर एकही वेल्ड नको, एकही भोक नको. जुन्या ट्यूबची रबरी पट्टी गुंडाळून त्यावर यू-बोल्ट आणि हादऱ्यानं सैल न होणारे नायलॉक नट लावायचे. वरचं सगळं सोंग एका वेगळ्या हलक्या फ्रेमवर उभं करायचं आणि ती फ्रेम या क्लॅम्पांवर बसवायची. अर्ध्या तासात चढेल, अर्ध्या तासात उतरेल, खाली वडिलांची लुना जशी होती तशी राहील. ही आकृती कागदावर काढून आईंना दाखवा, पाना घेऊन उतरवून दाखवतो म्हणावं. कुलूप त्या स्वतः काढतील असं मला वाटतं. नाही काढलं तर मात्र लुना त्यांची आहे असं समजून दुसरी मोपेड शोधा.

वरच्या सोंगाचं वजन किती असावं? लुना मागे एक माणूस सहज नेते, त्यामुळे वरचं सगळं मिळून पंधरा-वीस किलोच्या आत ठेवा आणि मागे कुणालाही बसवू नका. पुढचे लांब दांडे हँडलला बांधू नका. ते वळताना हलावेत असा तुम्हाला मोह होईल. पण हँडलपुढे दीड मीटरवर दोन किलोसुद्धा लोंबले तर वळताना हँडल तुमच्या हातातून पुढे पळतं. दांडे वरच्या फ्रेमला घट्ट बांधा, टोकाला रबराचे गोळे बसवा. मुलांच्या छातीच्या उंचीवर उघडा पाइप घेऊन येणारी गाडी सावकाश आली तरी नको. बसण्याची ढबही तशीच. तुमच्या आकृतीत चालवणारा पोटावर पालथा पडल्यासारखा दिसतो. 2008 च्या बॅटमॅनपटातली बॅटपॉड अशीच होती, आधी दिसणं ठरवलं आणि मग चालवणं बघितलं. ती नीट हाताळू शकला तो ज्याँ-पिएर ग्वा हा एकच स्टंट रायडर. तुम्ही लुनाच्या सीटवरच बसा, अंग थोडं पुढे झुकवा. पाय गरज पडताच जमिनीला टेकले पाहिजेत.

आणि आता तुमचा नियम, ज्याच्यावर माझा खरा आक्षेप आहे. सगळं भंगारातूनच.

मला त्याचं मोल कळतं. फेकून दिलेल्या वस्तूत आकार दिसणं ही नजर आहे. त्या पहिल्या सिनेमाचे सेटही मोडीत निघालेल्या विमानांच्या सुट्या भागांनी सजवले होते, आणि नायकाच्या तलवारीची मूठ म्हणजे जुन्या ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा दांडा होता. पण त्या मुठीवर कुणाचा जीव टांगलेला नव्हता. ब्रेक केबलवर असतो.

माझ्या हाताखालच्या एका मुलानं बऱ्याच वर्षांपूर्वी भंगारातून चारचाकी गाडा केला होता. सुंदर केला होता. ब्रेक केबल त्यानं जुन्या स्कूटरची लावली. बाहेरचं आवरण शाबूत, दोन्ही टोकं चकचकीत. ती मी हातात घेऊन, ओढून पाहिली आणि 'चालेल' म्हणालो. आवरणाच्या आत, जिथे पाणी साचतं तिथे, तारा गंजून दोन-तीनच उरल्या होत्या. उतारावर केबल तुटली. कुंपणात शिरून गाडा थांबला, मुलाचं मनगट मोडलं. पुढे रस्ता होता. तो त्या दिवशी रिकामा होता, हे आमचं नशीब. त्यानंतर मी एकाही विद्यार्थ्याला जुनी केबल 'बघून' पास केलेली नाही.

आपल्याकडे म्हणतात, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. ब्रेकचंही आणता येत नाही. तुमच्या नियमाला एक पोटनियम जोडा: डोळ्याला दिसतं ते सगळं भंगारातून, आणि जीव सांभाळतं ते सगळं नवं. म्हणजे ब्रेक शू, ब्रेकच्या आणि अॅक्सिलरेटरच्या केबली, टायर-ट्यूब, चाकांचे बेअरिंग, पेट्रोलची नळी, क्लॅम्पचे नट-बोल्ट. लुनाचे भाग जुन्या स्पेअरच्या दुकानात विचारा. जो भाग मिळणार नाही तो लेथवाल्याकडून जुळवून घेण्याआधी जाणत्या मेकॅनिकला दाखवा. यात तुमचा मान कमी होत नाही. देवळाचा कळस जुना वापरला तरी पाया कुणी जुन्या विटांचा घालत नाही.

मागाच्या भंगाराबद्दल तुम्हाला मी काय सांगावं, तुमचा हात रोज त्यातच असतो. तरीही तुम्ही जॉबर आहात, वेल्डर नाही, म्हणून लिहितो. मागाच्या बाजूच्या फ्रेमा आणि बरीचशी चाकं बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, असतात. बीड साध्या रॉडनं धरत नाही. धरल्यासारखं दिसतं आणि गार होताना जोडाशेजारी केसाएवढी चीर पडते. शिवाय ते फार जड. बिडाचं काहीही भार घेणाऱ्या जागी नको. शाफ्ट पोलादी असतात, पण भरीव, म्हणून तेही वजनदार. तुमच्या कामाचं म्हणजे पत्रे, पट्ट्या, लहान दातेरी चाकं, स्प्रिंगा, आणि मागात आडवं सूत नेणारे लाकडी धोटे. धोट्याचा आकार बघा, दोन्हीकडे निमुळता, टोकाला पितळी किंवा लोखंडी बोंड. पुढच्या पात्यांच्या मध्ये दोन धोटे बसवलेत तर ते परग्रहावरच्या कारखान्यातून आल्यासारखे दिसतील, आणि इचलकरंजीचा कुठलाही माणूस ते क्षणात ओळखेल. मला तर तुमच्या अख्ख्या बेतातली ही सगळ्यात सुंदर शक्यता वाटते. हुबेहूब नक्कल अमेरिकेतले चाहतेही करतात. धोट्यांची स्पीडर बाईक तुमच्याच गावात होऊ शकते.

जस्त चढवलेल्या पत्र्यावर किंवा पाइपवर वेल्डिंग करायचं असेल तर आधी जस्त घासून काढा आणि काम उघड्यावर करा. त्या धुरानं संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. तेलाचा किंवा रसायनाचा रिकामा डबा ग्राइंडरनं कापू नका, आत उरलेली वाफ पेटून डबा फुटतो. बंद शॉकअॅब्सॉर्बरही कापायचा नाही. लुनाचं इंजिन वाऱ्यानं गार होतं, म्हणून कवचाला पुढून हवा आत यायला आणि मागून बाहेर जायला वाट ठेवा, आणि सायलेन्सरजवळ प्लायवूड, रेक्झिन किंवा फोम नको. हलकं कवच कसं बांधायचं हे मात्र मला विचारण्यापेक्षा गणपतीचे हलते देखावे करणाऱ्यांना विचारा. बांबू, पुठ्ठा, पातळ पत्रा आणि दोन नळ्यांवर हत्ती उभा करणारी माणसं आहेत ती.

आरटीओ. इथे थोडं स्पष्ट बोलावं लागेल. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की उत्पादकानं दिलेला आणि नोंदणीत लिहिलेला मूळ तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये हे पुन्हा ठामपणे सांगितलं. चासी कापलीत की तुम्ही थेट त्यात आलात. संपूर्ण नवी गाडी म्हणून नोंद करायची तर नमुना गाडी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासून घ्यावी लागते. ती वाट कारखानदारांसाठी आहे, शेडमधल्या एकुलत्या एका गाडीसाठी नाही. म्हणून रस्ता विसरा. गावचं मैदानही, कारण लोकांना जायचा हक्क आहे अशी कुठलीही जागा कायद्यानं सार्वजनिकच. फाटक लागणारं खासगी आवार हवं, मालकाच्या परवानगीनं.

देवराष्ट्र्याचं तुम्ही लिहिलंय म्हणून. तिथल्या कारागिरानं भंगारातून सुमारे 60 हजारांत चारचाकी केली, दुचाकीसारखी किक मारून चालू होणारी. डिसेंबर 2021 मध्ये ती देशभर गाजली. आनंद महिंद्रांनी तेव्हाच लिहिलं होतं की ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या ती अडवली जाईल, आणि म्हणून तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी 2022 मध्ये बोलेरो त्या घरी आली. आपण गोष्टीतली बोलेरो लक्षात ठेवतो. त्या माणसानं गाडी मुलाच्या हौसेखातर केली होती, नाव मागून आलं. तुम्ही नाव पुढे धरून चाललात तर दसऱ्याच्या तारखेसाठी ब्रेकचं काम ढकलाल, ही मला भीती आहे.

दसऱ्याला गाडी गावातून फिरवायचीच असेल तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवा, पाना-दोरांनी आवळा, दिवे लावा. चालवायची मात्र आदल्या दिवशी. खंडेनवमीला मागांची पूजा असते, माग बंद असतात. मालकांना विचारून आवाराचं फाटक लावून घ्या आणि फेऱ्या मारा. लुनाची कागदपत्रं अजून वडिलांच्या नावावर असतील तर नमुना 31 भरून ती वारसाच्या नावावर करून घ्या, नोंदणीची मुदत संपली असेल तर तेही बघा. म्हणजे कवच उतरवल्यावर आईंना बाजारात नेण्यापुरती ती पुन्हा लुना होईल.

भाच्याला पहिली फेरी देऊ नका. हे मी सौम्य करून सांगू शकत नाही. अल्पवयीनानं सार्वजनिक जागी गाडी चालवली तर कलम 199अ खाली पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड आहे, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. आवाराच्या आत कायद्याचा प्रश्न वेगळा असेल, हाडांचा तोच आहे. पण त्याला नुसतं 'नाही' म्हणून शेडबाहेर ठेवू नका. पन्नास सीसीपर्यंतच्या गाडीचं लायसन्स सोळाव्या वर्षी, पालकांच्या संमतीनं, मिळतं. लुना नेमकी त्यात बसते. तोवर ब्रेकची परीक्षा घेणं हे त्याचं काम. चुन्यानं रेघ मारायची, तुम्ही ताशी 15 नं यायचं, रेघेवर दोन्ही ब्रेक दाबायचे, त्यानं टेपनं अंतर मोजून वहीत लिहायचं. आधी नुसत्या लुनावर दहा वेळा, मग कवच चढवून दहा वेळा. वेग दुप्पट झाला की थांबायचं अंतर चौपट होतं, हे त्याला वर्गापेक्षा त्या वहीत जास्त कळेल. कवचानंतर आकडा वाढला तर वजन कमी करा. हेल्मेट आवारातही.

पत्नीचं म्हणणं तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलंय. तुम्हाला ते अडथळ्यासारखं वाटतं, मला नाही वाटत. गाडीला मुदत तुम्ही घातलीय, पत्र्याला पावसानं. पत्रा आधी. आणि गाडीचा खर्च एका वहीत लिहून ती वही दोघांना दिसेल अशी ठेवा, कारण माझ्या पोटनियमामुळे आता थोडा खर्च होणार आहे आणि तो त्यांना विचारून झालेला बरा.

या रविवारी एवढंच करा. आईंकडून किल्ली मागून घ्या, फक्त लुना बाहेर काढायला. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, प्लग साफ करा, कार्बोरेटर धुवा, ब्रेक शू बदला. ऑइल घातलेलं ताजं पेट्रोल भरा आणि स्टँडवर लावूनच पॅडल मारा. तीन वर्षं बंद असलेली टू-स्ट्रोक पहिल्या झटक्यात धरणार नाही, आठ-दहा वेळा मारावं लागेल. धरली की लगेच बंद करू नका. आई स्वयंपाकघरात असतील तरी आवाज ओळखतील. त्या बाहेर आल्या की मग आकृती दाखवा.